वरवंट्याचं टोपडं

धुळ्याला माझ्या भावाचं फर्निचरचं दुकान आहे. त्या दुकानाचा पाळण्याचा एक व्हिडिओ आहे, आणि त्यात पाळणा हलत नाही. वर टांगलेले लाकडी राघू हलतात, मागचा पडदा हलतो, भिंतीवरचं ऊन हळूहळू सरकतं, पण पाळणा जागचा ढिम्म. खाली लोक लिहितात, अहो, जरा हलवून दाखवा की, कड्या वाजतात का ते तरी कळू द्या. भाऊ प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवतो आणि दुकानात यायचं आमंत्रण देतो. तो व्हिडिओ मी केलाय. मला हलवता येत नाही असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. हलता पाळणा करून झाला होता, एकदा नाही, दोनदा.

मी राहते जळगावला, मेहरूणमध्ये. काम घरूनच करते. फर्निचरवाले मापं काढून पाठवतात, मी ती वस्तू कॉम्प्युटरवर उभी करते आणि तिचं असं चित्र काढून देते की बघणाऱ्याला वाटावं हा फोटोच आहे. वस्तूचं लाकूड अजून वखारीत पडलेलं असतं आणि इकडे तिच्यावर सकाळचं ऊन पडलेलं दिसतं. याला रेंडर म्हणतात. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता सगळ्यांना हलतं-डुलतं लागतं. मग ते रेंडर एआयच्या पुढ्यात टाकायचं, काय हवंय ते चार ओळींत लिहायचं आणि देवाचं नाव घेत बसायचं.

कारण त्या मेल्याला सांगावं एक आणि ते करतं भलतंच. कपाटाचं दार उघडून दाखव म्हटलं तर दार उघडतं आणि खिडकीबाहेर बर्फ पडायला लागतो. जळगावात बर्फ! इथं मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं. एका गिऱ्हाइकाला जेवायच्या टेबलाशी साधी घरातली बाई बसलेली हवी होती, तर यानं अंगभर दागिन्यांनी मढवलेली नवरी आणून बसवली, आणि वाढताना तिच्या हाताला सहावं बोट फुटलं. गणपती करायला जावं आणि माकड व्हावं, हे रोजचंच. मी त्याच्याशी भांडते, चांगली मोठ्यानं भांडते. शेजारच्या काकूंना वाटतं, माझं नवऱ्याशी वाजलंय. तो बिचारा तेव्हा कारखान्यात असतो.

भाऊच्या दुकानाचं कामही मीच करायचे. सोफे, दिवाण, टीव्हीचे स्टँड, सगळं. पाळण्याचं काम मात्र त्यानं मला कधी दिलं नव्हतं. खरं तर आमचं दुकान ओळखलं जातं ते पाळण्यांमुळेच. वडिलांनी, म्हणजे नानांनी, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत ते सुरू केलं तेव्हा फक्त पाळणेच व्हायचे. सागवानी, खरादावर कातलेल्या खांबांचे, लाखेच्या रंगाच्या राघूंचे. पण मला कुणी पाळण्याचं चित्र काढायला सांगत नव्हतं आणि मीही विचारत नव्हते. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

मला एक मुलगी झाली होती. झाली म्हणजे, आठव्या महिन्यात पोटातच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी धुळ्यालाच होते. पोट फाडून काढावं लागलं. मी शुद्धीवर आले तेव्हा खाटेशी वहिनी बसली होती आणि नाना, भाऊ जाऊन आले होते. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात. पांझरेच्या काठाला पुरून, अंघोळ करून ते परतही आले होते. नवरा जळगावहून निघालेला, तो पारोळ्याच्या पुढे होता तोवर इकडे सगळं उरकलं होतं. दोन दिवसांनी मला दूध आलं. ती गेल्याचं त्या दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मला दुसरं मूल झालं नाही.

मी माझ्या मुलीचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्यानं नाही, वहिनीनं नाही. भाऊचा धीर झाला नाही, तो रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसून गेला. नर्सबाईनं दुपट्यात गुंडाळून तिला नानांच्या हातात दिलं होतं, तेव्हा पाहिलं ते एकट्या नानांनी. मी त्यांना एकदाच विचारलं होतं, नाना, कशी होती हो? त्यांनी खुंटीवरची टोपी काढली आणि बाहेर निघून गेले. नंतर वहिनी मला समजवायला आली. म्हणाली, विचारू नका, त्यांना त्रास होतो. आणि मला? मला काय गुदगुल्या होत होत्या? जो तो म्हणायचा, विसरा आता. अहो, विसरायला आधी काहीतरी दिसलेलं असावं लागतं. मला स्वप्नातसुद्धा नुसतं दुपटंच दिसायचं.

नानांनी तिच्यासाठी पाळणा केला होता. आमच्यात बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. नाना तर गिऱ्हाइकालाही परत पाठवायचे, सांगायचे, आधी सुखरूप सुटका होऊ द्या, मग या, पळून चाललो नाही मी. पण स्वतःच्या नातीच्या वेळी त्यांना राहवलं नाही. मला सातवा लागला आणि त्यांनी लाकूड कापलं. बारशाला पाळणा माहेरूनच जायचा असतो, आणि माझी आई आधीच गेलेली, म्हणून त्यांना सगळं वेळेत व्हायला हवं होतं. मी खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि राघूंचे रंग सांगायचे. पुढे तो पाळणा ताडपत्रीत बांधून दुकानाच्या माळ्यावर गेला, आणि नानांनी त्यानंतर स्वतःच्या हातानं एकही पाळणा केला नाही. हात थरथरतात असं सांगायचे. थरथरत होतेच म्हणा.

तर यंदा थंडी संपता संपता भाऊचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलला. केळीचा भाव विचारला, आमचा केळीशी संबंध काय! मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. तेव्हा म्हणाला, पाळण्याचा व्हिडिओ हवाय. बाजारात विजेवर झुलणारे, गाणी म्हणणारे पाळणे आलेत, लोक ऑनलाइन मागवतात, आपल्याकडे कुणी फिरकत नाही. मापं आणि फोटो पाठवतो म्हणाला. मी हो म्हटलं. फोटो आले, उघडले, आणि माझं डोकंच फिरलं. तो माझा पाळणा होता. चार राघूंमधला एक निळा, कारण निळ्याचा हट्ट मी धरला होता.

मी भाऊला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुला दुसरा पाळणा मिळाला नाही का, लाज कशी वाटली नाही, सगळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की ताडपत्री त्यानं नाही, नानांनीच सोडली. कारागिरांनी केलेले सगळे पाळणे नानांनी पाहिले आणि मान हलवली, आणि म्हणाले, दाखवायचा तर तो दाखव. विकायचा नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्यासारखे करून विका. भाऊ म्हणाला, तुला नको असेल तर नाशिकच्या एका पोराकडून करून घेतो.

हे ऐकून मात्र मी ताठ बसले. माझ्या मुलीची म्हणून जगात एवढी एकच वस्तू, आणि ती कुणी नाशिकचा पोरगा करणार? मी म्हटलं, मापं पाठव, मीच करते.

आणि केला. जीव लावून केला. खांबांची नक्षी, कड्या, राघूंच्या चोची. निळ्या राघूची शेपटी पटाशी घसरून जरा कापली गेली होती, तीसुद्धा तशीच ठेवली. एरवी रेंडरमध्ये आम्ही असली खोट काढून टाकतो. मग सकाळच्या खिडकीपाशी पाळणा ठेवला, एआयला लिहिलं की पाळणा संथ झुलू दे. आश्चर्य म्हणजे पहिल्याच झटक्याला सुंदर झालं. बर्फ नाही, काही नाही. पाळणा झुलतोय, राघू डुलतायत. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. जे घरात कधी झालं नाही ते निदान पडद्यावर तरी झालं, असं काहीसं वाटलं. आणि भाऊला पाठवून दिला.

तासाभरात नानांचा फोन. नाना मला आपणहून फोन करत नाहीत, कुणीतरी लावून त्यांच्या हातात द्यावा लागतो. एरवी गिऱ्हाइकांशी ते चांगलं पुस्तकी मराठी बोलतात, पण चिडले की सरळ अहिराणीवर येतात. म्हणाले, "रिकामा पायना कोनी हालाडस का? बंद कर ते."

मग माझ्या लक्षात आलं. रिकामा पाळणा हलवू नये हे मराठी घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि आमच्या घरात तर तो धंद्याचा नियम. पाळणा तयार झाला की तो झुलवून बघावाच लागतो, कड्या बोलतात का, एका अंगाला ओढतो का. म्हणून नानांनी दुकानात एक वरवंटा ठेवलेला. बारशाला नाही का, बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, तसाच. आईनं त्याला हिरवं टोपडं शिवलं होतं, दोऱ्यांचं. नवा पाळणा झाला की आधी वरवंटा झोपवायचा, मगच झोका द्यायचा. लहानपणी मी त्या वरवंट्याला अंगाई म्हटलेली आहे. आणि मीच विसरले. पडद्यावरच्या पाळण्याला कुठला आलाय नियम, असं झालं असेल.

सॉरी म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण माझाही स्वभाव नानांवरच गेलेला. मी म्हटलं, "तो रिकामाच आहे ना, नाना."

पलीकडून दुकानातला करवतीचा आवाज तेवढा येत राहिला. मग फोन बंद झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, भांडी घासता घासता.

दोन-चार दिवसांनी मी धुळ्याची गाडी धरली. भाऊला सांगितलं, वरवंट्याचे फोटो काढते, पाळण्यात ठेवून देते, म्हणजे नानांचा नियमही राहील आणि तुला झुलता पाळणाही मिळेल. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी सबंध वाटेत नानांशी काय बोलायचं ते जुळवत बसले. पोहोचल्यावर त्यातलं काहीच बोलले नाही. वहिनीनं शेवभाजी केली होती, ती सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ली.

दुपारी दुकानात गर्दी नव्हती. भाऊ माल पोहोचवायला गेला होता. मी वरवंट्याला टोपडं घातलं. हिरवा रंग विटून पांढरट झाला होता, पण दोऱ्या शाबूत होत्या. माळ्यावरचा पाळणा आता खाली भिंतीशी उभा होता. नानांनी स्वतः वरवंटा उचलून त्यात निजवला, खाली जुन्या लुगड्याची घडी घातली. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग टेबलाशी लॅपटॉप उघडून रेंडरमध्ये तो बसवला. नाना स्टूल ओढून शेजारी येऊन बसले. त्यांनी माझं काम कधी जवळून पाहिलं नव्हतं. मी सांगत गेले, हे ऊन असं पडतं, ही सावली अशी. ते हं हं करत राहिले. मग मी एआयला तेच लिहिलं, पाळणा संथ झुलू दे. वाट पाहताना नानांनी चहा सांगितला.

व्हिडिओ आला. पाळणा झुलला. राघू डुलले. आणि टोपड्याखालचा दगड हलला.

एआयला काय कळणार वरवंटा. पाळणा आहे, टोपडं आहे, म्हणजे आत बाळच असणार. त्या गोल दगडाला आधी गाल आले, मग त्यानं कूस बदलली. तोंड आमच्याकडे केलं. डोळे उघडले, एक जांभई दिली आणि हसलं. गोरंपान, गुबगुबीत, टोपड्याखालून भुऱ्या केसांची बट आलेली, साबणाच्या जाहिरातीत असतं तसलं बाळ. आईनं शिवलेल्या टोपड्यात. माझ्या पाळण्यात.

मी ते बंद करायला हवं होतं. हात पुढे गेला नाही. खोटं कशाला सांगू, मला ते बघावंसं वाटत होतं. ते कुणाचंच नाही हे माहीत असून माझी छाती भरून आली. व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होत होता. दगड, गाल, डोळे, हसू. पुन्हा दगड. नानांकडे बघायची माझी हिंमत होईना. मला वाटलं आता ते उठतील, टोपी घालतील आणि बाहेर निघून जातील.

ते उठले नाहीत. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग मान हलवली, कारागिराचं काम पसंत नसलं की हलवायचे तशी.

"अशी नव्हती ती," नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"सावयी व्हती. तुनी मायसारखी."

सावळी, माझ्या आईसारखी. आणि मग ते बोलत गेले. पडद्यावरच्या त्या पोराकडे बोट दाखवत, एकेक चूक काढावी तसं. असे भुरे केस नव्हते, काळे होते, दाट, ओले, कपाळाला चिकटलेले. एवढे गाल नव्हते. नाक आपलं, बसकं. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, तुझीही जन्मतः तशीच होती, तुझी आई तेल लावून लावून सरळ करायची. ओठ मिटलेले, रुसून निजल्यासारखी दिसत होती. दुपट्यातून एक हात बाहेर राहिला होता, तो रिक्षातल्या वाऱ्यानं गार पडेल म्हणून मी आत घेतला, म्हणाले. गार पडेल म्हणून. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी नानांना रडताना पाहिलं.

म्हणाले, घाई मी केली. लोकांना शहाणपण शिकवत आलो आणि माझ्या घरचा पाळणा मीच आधी करून ठेवला. तुला काय तोंडानं सांगणार होतो, ती कशी होती ते.

म्हणजे एवढी वर्षं हे मनात धरून बसले होते. मी इकडे त्यांच्यावर चिडून होते, की एवढी एक गोष्ट मला देत नाहीत, आणि ते तिकडे समजून चालले होते की माझी पोर त्यांनीच घालवली. मला त्यांना सांगायचं होतं की असं नसतं हो नाना, लाकडानं असं होत नसतं, डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. ते मी नंतर सांगितलं, अजूनही सांगते, आणि त्यांना ते पटत नाही. त्या वेळी मात्र मी काहीच सांगितलं नाही. मला अजून हवं होतं. मी हावरटासारखी विचारत सुटले. भुवया होत्या का? होत्या, बारीक. नखं? होती. तिच्या अंगाला वास कसला होता, असंही मी विचारलं.

लॅपटॉपवर ते जाहिरातीतलं बाळ अजून जांभया देत होतं. मी झाकण लावून टाकलं. चहा आला होता, तो तसाच निवला. मी शेवटचं विचारलं, केवढी होती नाना?

नानांनी दोन्ही हात समोर धरले, लाकडाची लांबी दाखवतात तसे, तळवे समोरासमोर. "इतली," म्हणाले.

फार थोडी जागा होती ती. मी पाळण्याकडे पाहिलं, मग त्या जागेकडे. मला वाटलं होतं त्याहून ती लहान होती, खूपच लहान. नानांचे हात नेहमीसारखे थरथरत होते, पण मधलं अंतर त्यांनी कमी-जास्त होऊ दिलं नाही. थोड्या वेळानं ते हात खाली घ्यायला लागले.

"नाना," मी म्हटलं, "हात तसेच धरा."

त्यांनी धरले.